सकाळच्या गाडीत सगळ्यांची तोंडं अशी का असतात?

उभा_प्रवासी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते टाकतोय, हसू नका.

मी कळ्याकडनं रोज कोल्हापूरला येतो. सकाळी सात पस्तीसची एसटी गाडी, बालिंगा, फुलेवाडी नाका, रंकाळा करत आत. आधी बाईकनं यायचो, कंबरेनं दगा दिला, डॉक्टर म्हणाले बाईक बंद, मग गाडी. वर्ष झालं त्याला. तर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट जाणवली ती अजून जात नाही डोक्यातनं, की गाडीत कोणी बोलतच नाही. आपल्याकडचा माणूस कसा, चहाच्या गाड्यावर दोन मिनिटं थांबला तर शेजारच्याला "पाव्हणं कुठलं" विचारून त्याच्या मेव्हण्याच्या ऊसबिलापर्यंत पोचतो. आणि तीच माणसं गाडीत चढली की मयतीला निघाल्यागत. जागा मिळालेला पण तसाच आणि खांबाला लोंबकळणारा पण तसाच.

परवाचं सांगतो. माझ्यापुढं एक बाबा उभे होते. एका हातानं वरची दांडी, डब्याच्या पिशवीचा बंद दातात, दुसऱ्या हातानं खिशातनं पैसे काढायचं चाललेलं. डबा तिरका झाला आणि आमटीचा ओघळ खाली बसलेल्या माणसाच्या मांडीवर, पांढरट पँट होती हो त्याची. त्यानं खाली बघितलं, रुमाल काढला, पुसलं, आणि परत खिडकीबाहेर बघायला लागला. एक शब्द नाही. बाबा पण गप्प. कोल्हापुरात! एरवी यावर अर्धा तास कार्यक्रम झाला असता, चार जण मध्ये पडले असते, दोघांचं एकच गाव निघालं असतं.

तर प्रश्न असा की हे कशामुळं? गर्दीमुळं, कामावर जायचं म्हणून, का मोबाईलमुळं आपण सगळेच असे झालोय? तुमच्या गाडीत काय असतं?

पेठेतला
आमटी कसली होती ते लिहिलं नाहीस. अर्धवट माहिती देऊन धागे काढू नयेत.

उभा_प्रवासी
अख्खा मसूर. वासावरनं सांगतोय.

पेठेतला
मग गप्पच बसणार की. लग्नाच्या पंगतीत बसल्यागत वास आला असणार त्याला, भांडतोय कशाला.

आता_डोंबिवलीत
राजारामपुरी सोडून १४ वर्षं झाली पण हा धागा बघून राहवलं नाही. तुमच्या गर्दीला गर्दी म्हणायचं असेल तर आमच्याकडच्या लोकलच्या गर्दीला नवीन शब्द शोधावा लागेल. खरं तर रेल्वेनं शोधलाय, सुपर डेन्स क्रश लोड, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. एक चौरस मीटर म्हणजे आपल्या घरातला छोटा टीपॉय. त्यावर १६ माणसं उभी करून बघा.

पण गंमत अशी की इथं तोंडं पडलेली असतात ती नवख्यांची आणि एकट्यांची. ज्यांचा ग्रुप आहे त्यांचं वेगळंच विश्व. भजनी मंडळं आहेत, टाळ घेऊन येतात. बायका भाजी निवडतात, डोहाळजेवणं करतात डब्यात. आमच्या ग्रुपमध्ये एक काका रिटायर झाले तरी दर गुरुवारी गाडीला यायचे, फक्त गप्पा मारायला, ठाण्याला उतरून परत. म्हणजे गर्दी हे कारण नाही असं माझं स्पष्ट मत.

मिरज_पॅसेंजर
डोंबिवलीकरांशी सहमत, आणि कारण साधं आहे. बाकडी समोरासमोर असतात.

मी रुकडीतनं रेल्वेनं येतो. मिरज ते कोल्हापूर, शाहू महाराजांच्या काळातली लाईन, १८९१ पासनं चालू आहे. डब्यात समोर माणूस, गुडघ्याला गुडघा, बघणार कुठं? बोलावंच लागतं. हातकणंगल्याला चढलेला शेंगावाला आला की एक पुडी चौघांत. बसमध्ये सगळ्यांना पुढच्याची टाळू दिसते. टाळूशी काय बोलणार. आणि दुसरं म्हणजे रेल्वेला वेळ बांधलेली असते, चुकली तर चुकली, लागून राहत नाही माणूस.

(अवांतर: वळिवडे स्टेशन आलं की मला दर वेळी वाटतं, १९४३ ते ४८ इथं पोलंडचे निर्वासित राहायचे, हजारोंनी. घरदार सगळं मागं टाकून आलेली माणसं ती. त्यांची पोरं ह्याच लाईनच्या गाडीत बसून काय बोलत असतील.)

पेठेतला
"सरका की पुढं" पोलिश भाषेत.

पुस्तककिडा
गंभीर प्रतिसाद देतो, सहन करा.

यावर अभ्यास झालेले आहेत. २००४ मध्ये डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तपशील लिहायला सांगितला, काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं. सगळ्यात तळाला काय आलं, तर सकाळचा कामावर जायचा प्रवास. घरकाम, स्वयंपाक यांच्यापेक्षा खाली. म्हणजे ही फक्त कळ्याच्या गाडीची गोष्ट नाही.

दुसरा अभ्यास २०१४ चा, एप्ली आणि श्रोडर, शिकागो. काही प्रवाशांना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं गप्प बसा, काहींना नेहमीसारखं वागा. ज्यांना नुसता अंदाज विचारला त्यांना वाटलं गप्प बसण्यातच सुख. प्रत्यक्षात जे बोलले त्यांचाच प्रवास जास्त चांगला गेला. लोक गप्प का बसतात, तर प्रत्येकाला वाटतं समोरच्याला बोलायचं नाहीये. दोघंही तेच समजून बसलेले.

आणि स्टॅन्ली मिलग्रम यांनी १९७२ मध्ये यावर लिहिलंय की रोज त्याच स्टॉपवर दिसणारी, चेहऱ्यानं पक्की माहीत असलेली पण कधीच न बोललेली माणसं हे एक वेगळंच नातं असतं. ओळखीचा अनोळखी म्हणू आपण.

पेठेतला
शिकागोत बसायला जागा असती भावा. इथं एक पाय माझा, एक पाय कुणाचा कळत नाही, त्यात शेजारच्याला काय विचारू, "हा माझा का तुमचा?"

फुलेवाडी_नाका
ओळखीचा अनोळखी वाचून एकदम एक माणूस आठवला.

मी ६ वर्षं नाक्यावरनं शिरोली एमआयडीसीला जायचो. आमच्या स्टॉपला एक जण असायचा, हिरवी रेक्झिनची पिशवी, चेन तुटलेली, तिथं काळी सेफ्टी पिन. सहा वर्षं. कधी बोललो नाही. पण गाडी आली की तो मागच्या दारानं आणि मी पुढच्या, हे ठरलेलं. तो दिसला नाही तर मला वाटायचं गाडी गेली की काय. मग एक दिवस यायचाच बंद झाला. आठवडा, पंधरा दिवस, महिना. नाव माहीत नाही तर विचारणार कुणाला आणि काय म्हणून? बायकोला सांगितलं तर म्हणाली, कोण तुमचा? आता कोण म्हणून सांगू.

पुढं मी पण मोपेड घेतली. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला एकदा शेजारी स्कूटर येऊन थांबली, हँडलला हिरवी पिशवी. त्यानं बघितलं, मी बघितलं, त्यानं नुसता हात वर केला, मी पण केला. सिग्नल सुटला. बास. आणि हां, स्कूटरवर पण तोंड तसंच होतं त्याचं.

उभा_प्रवासी
@फुलेवाडी_नाका लई भारी. पिन होती का अजून?

फुलेवाडी_नाका
होती.

खिडकीशेजारी
सगळं वाचलं. तुम्ही सगळे पुरुष आहात असं दिसतंय म्हणून लिहिते.

मी नववीपासून गाडीनं येतेय, आता ३८ वय आहे. तुम्हाला जे पडलेलं तोंड दिसतं ना, ते मी घरातनं निघताना घालते. चप्पल घातल्यासारखं. कपाळाला आठी, ओठ मिटलेले, नजर कुणाच्याही डोक्याच्या वरनं. पर्सच्या पट्ट्याला पिन असते, ती पिशवी दुरुस्त करायला नाही ठेवलेली. गर्दीत एखादीनं नुसतं हसून बघितलं तर पुढच्या स्टॉपपर्यंत कुणाचं कोपर कुठं येतं ते आम्हाला माहीत आहे. शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला म्हणे. शिकागोवाल्यांना सांगा एकदा सायंकाळी सहाच्या गाडीत मागच्या दारानं चढून दाखवा.

टेक्सासच्या बायकांचं मात्र पटलं. फक्त त्यांना विचारलं नसेल की गाडी पकडायच्या आधी किती डबे भरून आलात. माझे तीन, त्यातला एक बिनतिखटाचा. म्हणजे मी सात पस्तीसला गाडीत बसते तेव्हा माझा अर्धा दिवस झालेला असतो. मला त्या पस्तीस मिनिटांत कुणी काही विचारू नये एवढीच इच्छा असते. ते माझे आहेत. दुःखी नाहीये मी, सुट्टीवर आहे.

पुस्तककिडा
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शिकागोच्या अभ्यासातला निष्कर्ष मी फार सरसकट मांडला. मान्य.

वडाप_जिंदाबाद
राग मानू नका पण गर्दी वाढली कधीपासनं ते पण बोला. बायकांना एसटीत हाफ तिकीट झाल्यापासनं. आता माहेरला जायला कारण लागत नाही. आम्ही फुल तिकीट काढून उभे, तोंड पडणार न्हाई तर काय.

खिडकीशेजारी
१७ मार्च २०२३ पासून हाफ आहे. तुमच्या तोंडाचा फोटो त्याच्या आधीचा असेल तर टाका, तुलना करू.

पेठेतला
@वडाप_जिंदाबाद ईषय हार्ड झाला रे तुझा. उतर पुढच्या स्टॉपला.

नाईट_शिफ्ट
मला हाफ तिकिटानं काय झालं ते सांगते. मी दवाखान्यात रात्रपाळी करते, माझं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. आधी महिन्याचा हिशोब बसायचा नाही म्हणून आठवड्यातले दोन दिवस कॉटबेसिसवरच राहायचे. आता रोज घरी जाते. मुलगी शाळेला जायच्या आधी वीस मिनिटं भेटते. एवढंच.

मूळ प्रश्नाबद्दल, मी तुमच्या उलट्या दिशेनं असते, तुम्ही येता तेव्हा मी परत जाते. आमच्या गाडीत उभं नाही राहावं लागत पण तोंडं तुमच्यापेक्षा वाईट. सिक्युरिटीवाले, पेपर लाईनवाले, रात्रपाळीचे कामगार. उघड्या डोळ्यांनी झोपलेले असतो सगळे. एकदा शेजारच्या आजींनी माझा हात धरला आणि विचारलं, "बाई, कोण गेलं काय गं तुझं?" मी म्हटलं नाही ओ, झोप झाली नाही. त्या रात्री वॉर्डात एक पेशंट गेला होता, पण तो काय माझा नव्हता. आजींनी हात उतरेपर्यंत सोडला नाही. भात कांडल्यासारखा खरखरीत हात.

टीवाय_बीकॉम
आम्ही कॉलेजची पोरं बोलतो की गाडीत. भरपूर बोलतो. आम्हालाच गप्प करतात सगळे.

आता_डोंबिवलीत
ते बोलणं नाही बाळ, फोनवर रील लावून ठेवता आवाज मोठा करून. आख्ख्या गाडीनं एकच गाणं पंधरा सेकंदाचं चाळीस वेळा ऐकायचं.

टीवाय_बीकॉम
काका तुमचं भजन चालतं आणि आमचं गाणं नाही होय.

पेठेतला
पोरगं बोललं.

आता जरा सिरीयसली लिहितो, नाहीतर म्हणाल हा नुसता टवाळक्या करतोय. जोतिबाच्या चैत्र यात्रेला गाडीत चढून बघा. रोजच्या दुप्पट गर्दी. गुलाल डोळ्यात, सासनकाठ्यांच्या गराड्यात गाडी तासभर जागची हलत नाही, घाम, लहान पोरं रडतायत. एक माणूस तोंड पाडून नसतो. कुणीतरी "चांगभलं" म्हणतो की आख्खी गाडी ओरडते. माघातल्या खेट्यांना तेच. शाहू स्टेडियमला फायनल असली की तेच, तिथनं हरून आलेली पोरं सुद्धा गाडीत बसून रेफ्रीच्या खानदानाची चर्चा करतात पण गप्प नसतात. माणसं तीच, सीट तीच, ड्रायव्हर तोच. मग फरक कशाचा?

उभा_प्रवासी
जोतिबाला मस्टर नसतं. तिथं नऊ वाजून एका मिनिटानं पोचलास तर देव अर्धा दिवस कापत नाही.

पेठेतला
ह्ये मात्र खरं.

निवृत्त_मास्तर
नातवानं हा धागा दाखवला. त्याच्याच मोबाईलवर लिहितोय, चुका पोटात घाला.

मी ३१ वर्षं कंडक्टर होतो. तुम्ही सगळे डोक्याची मागची बाजू बघत आलात, मी तोंडं बघत आलो. ४४ सीटच्या गाडीत ऐंशी-ऐंशी तोंडं रोज. म्हणून सांगतो, तुम्ही समजता तेवढी ती दुःखी नसतात.

आधी एक व्यवहाराची गोष्ट. आमच्या वेळी तिकिटांचा ट्रे आणि पंच. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागं लिहून द्यायचो, ४ रु. येणे, आणि उतरताना घ्या म्हणायचो. आता असा विचार करा, गाडीत तीस माणसांच्या तिकिटाच्या मागं काही ना काही लिहिलेलं आहे. ती तीस माणसं बोलणार आहेत का? त्यांचं सगळं चित्त माझ्या चामड्याच्या बॅगेत. मी पुढं सरकलो की त्यांच्या माना पुढं, मी मागं आलो की माना मागं. तुम्हाला वाटतं खिन्न बसलेत, ते बसलेत चार रुपये राखत. दसरा चौक आला आणि मी दुसरीकडं बघत असलो की काळजाचं पाणी व्हायचं त्यांच्या. आता फोनवरनं पैसे देता येतात तर ते संपत आलंय, बरं झालं, पण माझ्या मते त्यात कंडक्टरला हाक मारायचं पण संपलं. आधी निदान "ओ मास्तर माझं चार रुपये" एवढं तरी ऐकू यायचं.

दुसरी गोष्ट. तोंड गाडीत पडत नाही, स्टॉपवर पडतं. गाडी कधी येणार ते माहीत नसतं ना. माणूस अर्धा तास मान वाकडी करून रस्त्याच्या टोकाकडं बघतोय, दुरनं काहीतरी लाल दिसतं, जवळ आलं की ट्रक. परत लाल, परत ट्रक. गळीत हंगामात तर दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर पुढं लागला की त्याच्यामागं गाडी कुडित्र्यापर्यंत गोगलगाय. मला स्टॉपवर चढणारा माणूस बघून कळायचं किती वेळ थांबलाय. पाच मिनिटं थांबलेला चढताना बोलत चढतो. पाऊण तास थांबलेला गाडी आली म्हणून खूश नसतो, तो गाडीवर रुसलेला असतो, आणि त्याला तो रुसवा रंकाळ्यापर्यंत पुरतो. त्यात मी "आत सरका, आत जागा हाय" म्हणणार. जागा नसायची हो, पण म्हणावं लागायचं. नाही म्हटलं तर दारातला आत जात नाही आणि दार लागल्याशिवाय मी डबल बेल देत नसायचो.

आणि शेवटचं. भांडणं मी कमी नाही बघितली. खिडकीतनं टोपी टाकून जागा धरली म्हणून दोन सख्खे साडू हातघाईवर आलेले बघितलेत. सकाळच्या गाडीत मात्र भांडण जवळजवळ नाहीच, कारण उद्या परत त्याच माणसाच्या शेजारी उभं राहायचंय हे दोघांना माहीत असतं. त्या आमटीवाल्याचं तसंच झालं असणार.

खिडकीशेजारी
मास्तर, तुमच्यासारखे कंडक्टर असले की पिन कमी लागायची आम्हाला. "ओ पाव्हणं, पुढं येऊन उभं ऱ्हावा" असं एखाद्याला नाव न घेता उठवायचे काही जण. कळायचं आम्हाला कशासाठी उठवला ते.

निवृत्त_मास्तर
कळायचं मला पण, बाई. सगळे मास्तर बघत नव्हते हे पण खरं.

फुलेवाडी_नाका
मास्तरांच्या स्टॉपवाल्या मुद्द्यावरनं आठवलं. २०१९ ऑगस्टच्या आणि २०२१ जुलैच्या पुराच्या वेळी रस्ते बंद होते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ४३ फूट म्हणजे धोका हे इथं पोराटोरांना पाठ, आम्ही सकाळी उठून आधी फूट बघायचो मग चहा. पाणी उतरून पहिली गाडी सुटली त्या दिवशी मी होतो तिच्यात. काय आवाज! तुमच्याकडं कुठपर्यंत आलं, जनावरं कुठं नेली, कुणाच्या तिजोरीत मासा निघाला. भिंतीवर पाण्याची रेघ दाखवत होते लोक खिडकीतनं एकमेकांना, ह्या दुकानाची बघा, त्याची बघा. नुकसान झालेलीच माणसं सगळी. आणि बोलत होती.

तिसऱ्या दिवशी परत सगळे गप्प. मला तर बरं वाटलं, म्हटलं चला, सुरळीत झालं.

पुस्तककिडा
हे भारी निरीक्षण आहे. म्हणजे गप्प बसणं हे सगळं ठीक असल्याचं लक्षण?

वडाप_जिंदाबाद
ठीकबीक काय नसतं, सवय असते. वडापला बसा एकदा. दहाच्या जीपमध्ये सतरा, ड्रायव्हरच्या मांडीवर अर्धा पॅसेंजर, गिअर टाकायचा तर आधी त्याला विचारून टाकायचा. तिथं कोण गप्प बसत नाही. कारण गाडी भरल्याशिवाय सुटत नाही हे सगळ्यांना माहीत, मग सगळे मिळून पॅसेंजर शोधतात. "ओ काकी, येताय काय, एकच सीट हाय!" आम्हीच ओरडतो. धंदा त्याचा, घसा आमचा. आणि @खिडकीशेजारी ताई, आईनं वाचला माझा प्रतिसाद. ती पण हाफ तिकिटावर मावशीकडं जाते दर पंधरवड्याला. घरात दोन दिवस पिठलंच आहे.

खिडकीशेजारी
आईंना नमस्कार सांगा.

मिरज_पॅसेंजर
मूळ प्रश्न राहिला बाजूला. धागाकर्ते कुठं गेले? बोलून बघितलं का कुणाशी?

उभा_प्रवासी
आहे, आहे. बोलून बघितलं, तेच सांगायला आलोय.

शिकागोचं वाचून सोमवारी शेजारी बसलेल्या गृहस्थांना म्हटलं, "आज गाडी वेळेवर आली." बास, एवढंच. त्यांनी सांगरूळ फाट्याच्या अलीकडं जे सुरू केलं ते रंकाळा स्टँडला मी उतरलो तरी चालू होतं. चुलत्याशी बांधाची केस. कुठला गट नंबर, मोजणी कधी आली, मोजणीदार जेवला कुठं, तारीख कितवी. मंगळवारी त्यांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली, रुमाल टाकून. बुधवारी नकाशा घेऊन आले. हो, नकाशा, गुंडाळी केलेला, उलगडला तर पुढच्या माणसाच्या डोक्यावर ठेवावा लागला. आता मी मागच्या दारानं चढतो आणि तोंड पाडून उभा राहतो. खिडकीशेजारी ताईंचं चिलखत काय ते आता कळलं, अर्थात माझं कारण फारच किरकोळ आहे हे मान्य.

पण अजून एक झालं. काल तो पांढऱ्या पँटवाला माझ्या शेजारीच उभा होता. म्हटलं विचारूनच टाकू. म्हटलं, परवा आमटी सांडली तर तुम्ही काहीच बोलला नाही. तो माझ्याकडं बघतच राहिला, ह्याला काय करायच्यात चौकश्या असं तोंड करून. मग म्हणाला, "व्हती तशी धुवायचीच."

पेठेतला
नाद खुळा. अख्ख्या मसुराचं काय म्हणाला?

उभा_प्रवासी
म्हणाला मीठ कमी होतं. बोटाला लागलं होतं म्हणे.

निवृत्त_मास्तर
हे आमच्या गाडीत घडलं असतं तर मी बाबांना सांगितलं असतं.

नाईट_शिफ्ट
अवांतर विचारते. पाऊस लागला की बालिंग्याच्या पुलावर पाणी आल्यावर तुमची सात पस्तीसची गाडी कुठनं फिरवतात? माझी मावसबहीण पुढच्या महिन्यापासून त्याच गाडीनं येणार आहे, तिला सांगून ठेवायचंय.

उभा_प्रवासी
फिरवत नाहीत, थांबते. पाणी दिसलं की आदल्या रात्रीच शहरात नातेवाईकाकडं मुक्काम करायला सांगा. आणि बहिणीला म्हणावं मधल्या दोन सीटच्या ओळीत नकाशावाले असतात, तिथं बसू नको.